बदकीला फसवावे का?



गेल्या महिन्यात रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर आम्ही नेहमीप्रमाणे देवळाच्या दाराशी उभे होतो. पाऊस होता, त्यामुळे लोक लगबगीने पांगत होते. एक मावशी मात्र छत्री मिटून मागे थांबल्या. "फादर, एक विचारायचे आहे. पाप आहे की नाही, तेवढे सांगा." पाप हा शब्द ऐकला की आम्ही सवयीने आवाज खाली आणतो आणि बाजूला सरकतो. तसे सरकलो. मावशी म्हणाल्या, "माझे नाही हो, बदकीचे आहे."

आम्ही हसलो. हसायला नको होते, हे नंतर कळले.

मावशींच्या वाडीत चार बदके होती. त्यातला नर ईस्टरच्या सणाला ताटात गेला. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका बदकीने लाकडांच्या मांडणीखाली गुपचूप अंडी घालायला सुरुवात केली. अकरा अंडी झाली आणि ती खुडूक बसली. नर नसल्यावर बदकीच्या अंड्यात जीव धरण्याची शक्यता आठवडाभर, फार तर पंधरवडाभर राहते. तीन आठवड्यांनी घातलेली अंडी म्हणजे नुसती अंडी. पण हा हिशेब मावशींच्या ध्यानात आला नाही, आणि बदकीला तो येण्याचे कारणच नव्हते. २८ दिवसांनी पिल्ले बाहेर यायची, ती आली नाहीत. मावशी आमच्याशी बोलत होत्या तो अडतिसावा दिवस होता आणि बदकी अजून उठायला तयार नव्हती. अंगाने निम्मी झाली होती. दिवसातून एकदा उठे, घाईघाईने चार दाणे खाई, पाण्यात डुबकी मारी आणि ओल्या अंगानेच परत येऊन बसे.

मावशींच्या भावाच्या घरी त्या आठवड्यात यंत्रात उबवलेली पिल्ले निघायची होती. "त्यातली सात-आठ आणून रात्री तिच्या पोटाखाली सरकवली तर? सकाळी तिला वाटेल आपलीच आहेत. पण फादर, ही फसवणूक झाली ना? इतके दिवस उपाशी बसली बिचारी, आणि आपण तिला फसवायचे?"

"उद्या सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला बदकीच्या प्रश्नाला उत्तर देता येऊ नये, याची थोडी लाजही वाटली.

तसे पाहिले तर बदके आम्हाला नवीन नाहीत. आमच्या घरामागे बावखल होते आणि आमच्या आईची बदके दिवसभर त्यात असत. आज त्या जागी इमारत आहे. आपल्या वसईतली किती बावखले अशी भरावाखाली गेली, ते तुम्ही जाणता. आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण बदकांचे तिचे शास्त्र पक्के होते. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात, म्हणून ती सकाळी उशिरापर्यंत खुराड्याचे दार उघडत नसे. लवकर सोडली की ती केळीच्या बुंध्यात नाहीतर अळवात अंडी टाकणार आणि मुंगूस किंवा धामण ती फस्त करणार. खुडूक बसायच्या बेतात असलेली बदकी ती लगेच ओळखे. बदकी स्वतःच्या छातीची मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरू लागली, हात जवळ नेला की फिसकारू लागली, म्हणजे समजावे की हिचा निश्चय झाला. मग आई अंड्यांवर कोळशाने खुणा करी. त्याचे कारण असे की दुसऱ्या बदक्या त्याच घरट्यात येऊन आपली अंडी घालून जातात. बिनखुणेचे अंडे दिसले की ते उचलायचे, नाहीतर पहिली पिल्ले निघताच आई त्यांना घेऊन पाण्याकडे निघते आणि मागाहून घातलेल्या अंड्यांतले अर्धवट जीव थंडीने मरतात.

लहानपणी आम्हाला एका गोष्टीचे फार नवल वाटे. बदकी रोज एक याप्रमाणे दहा-बारा दिवस अंडी घालते, तरी सगळी पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. पहिल्या दिवसाचे अंडे आणि शेवटल्या दिवसाचे अंडे यांत काही फरकच पडत नाही. ऊब मिळेपर्यंत अंडे थांबून राहते, आणि आई पक्की बसली की सर्वांचा प्रवास एकदम सुरू होतो. द्राक्षमळ्यात उशिरा आलेल्या मजुरांनाही सारखीच मजुरी मिळाली, हा दाखला आम्हाला पुढे कधी अवघड गेला नाही.

आईने घालून दिलेला एक नियम आम्ही मोडला होता. पिल्लू कवचाला आतून टोचा मारते, त्यानंतर पूर्ण बाहेर यायला त्याला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. मध्ये ते तासन् तास निपचित पडते. "हात लावू नका," आई बजावून सांगे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. एका दुपारी आई बाजाराला गेली असताना आम्ही दया म्हणून एका अंड्याचे कवच नखाने सोलले. आतल्या पापुद्र्यावर रक्ताच्या शिरा असतात. पिल्लाने ते रक्त आत ओढून घेतलेले नसताना पापुद्रा फाडला तर रक्त वाहते. ते वाहिले. संध्याकाळपर्यंत पिल्लू मेले. आई रागावली नाही. तिने ते केळीखाली पुरले आणि आम्हाला हात धुवायला लावले.

असो. मावशींकडे वळू.

खुडूक बसलेल्या पक्ष्याला उठवण्याचे गावठी उपाय तुम्हाला ठाऊक आहेत. पाण्यात बुचकळतात, टोपलीखाली डांबतात, पायाला दोरी बांधतात. यातले बरेचसे निव्वळ क्रौर्य आहे. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे अंडी काढून घेणे आणि तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवणे. त्यात घरटे करायला गवत नसावे, पोटाखालून वारा खेळावा, दाणापाणी समोर असावे. चार-पाच दिवसांत तिच्या अंगातली ती ओढ ओसरते. शास्त्रज्ञ सांगतात की प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक तिला बसवून ठेवते. पोटाखाली उबदार अंड्यांचा स्पर्श होत राहिला की ते वाहत राहते, स्पर्श तुटला की कमी होते. आपल्या आयाबहिणींना दूध येते त्यातही याच संप्रेरकाचा वाटा असतो. हे वाचल्यापासून खुडूक बदकीकडे पाहण्याची आमची नजर थोडी बदलली आहे.

मग फसवणुकीचे काय? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ मध्ये प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली. त्याच्या मते प्रश्नच मिटतो, कारण घड्याळाला कोण फसवणार? पण ज्याने खुडूक बदकीची चोच खाल्ली आहे तो देकार्तला मानणार नाही. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन या दोघांनी १९३८ मध्ये रानहंसीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे हंसी चोचीने ओढून आत घेते. त्यांनी ओढता ओढता ते अंडे काढून घेतले, तरी हंसीने मान ओढण्याची क्रिया तशीच पूर्ण केली. अंड्याऐवजी दुसरी गोल वस्तू ठेवली तर तीही ती आत घेई. या दोघांना पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हंसी मूर्ख आहे, असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. 'हे अंडे माझे आहे' असे विधान तिच्या मनात नसते, एवढाच अर्थ आम्ही घेतो. तिच्यापाशी ओढ आहे, ऊब आहे, चिकाटी आहे. खरे-खोटे ठरवणारा निवाडा मात्र नाही.

खोटे बोलण्यासाठी दोघे लागतात. एकाने मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणायचे, आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मावशी अंधारात पिल्ले सरकवतील तेव्हा त्या बदकीला काहीच सांगत नसतील. तिने काही विचारलेलेही नाही. ती आईपणासाठी तयार होऊन बसली आहे, पिल्ले आईवाचून आहेत, आणि मावशी त्यांची गाठ घालून देत आहेत. यात फसवणूक कोठे आहे? उलट तिला वांझ अंड्यांवर झिजू देणे हीच हेळसांड होईल. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे. जुन्या करारात अनुवादाच्या २२ व्या अध्यायात तर घरट्याचाच नियम आहे: अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली पक्षीण सापडली तर आईला सोडून द्यावे. आणि हा नियम पाळणाऱ्याला जे दीर्घायुष्याचे वचन दिले आहे, तेच आईवडिलांचा मान राखणाऱ्यालाही दिलेले आहे. घरटे आणि आईबाप यांना एकाच वचनात बसवणाऱ्या देवाला मावशींचा प्रश्न क्षुल्लक वाटला नसता.

उत्तर मिळाले होते. त्या रात्री ते मनाशी जुळवून आम्ही झोपायला गेलो, पण झोप लागली नाही. 'त्याचे भले होत असेल आणि त्याला कळत नसेल, तर फसवणूक कसली,' हे वाक्य आम्ही पूर्वी कोठेतरी ऐकले होते. कोठे ऐकले तेही आठवले.

आमच्या पौरोहित्याची ती पहिलीच वर्षे. दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. साठीच्या घरातले एक गृहस्थ पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. आम्ही रुग्णाभ्यंगासाठी गेलो, तेव्हा घरच्यांनी अंगणातच अडवले. "फादर, त्यांना काही माहीत नाही. अल्सर आहे असे सांगितले आहे. तेलाची कुपी खिशातच ठेवा. घर आशीर्वादित करायला आलात असे म्हणा. कळले तर हाय खातील." ती माणसे वाईट नव्हती. मोठा मुलगा बोलता बोलता रडत होता. आम्ही स्टोल घडी करून खिशात ठेवला आणि आत गेलो.

ते गृहस्थ उशीला टेकून बसले होते. त्यांनी इतरांना बाहेर जायला सांगितले आणि आम्हाला जवळ बोलावून म्हणाले, "फादर, ही सगळी माझ्यावर प्रेम करतात, म्हणून मी यांना विचारत नाही. तुम्ही खोटे बोलणार नाही. मी यातून उठणार ना?"

आम्ही म्हणालो, "उठणार. नाताळला देवळात भेटू."

एकोणीस दिवसांनी ते गेले. अंत्यविधीला त्यांचा धाकटा भाऊ आला होता. वाडीच्या कुंपणावरून दोन्ही घरे बारा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हती. तो कबरीपासून दूर, गेटपाशीच उभा राहिला. दफनानंतर त्या गृहस्थांच्या पत्नी आमच्याजवळ येऊन अगदी साधेपणाने म्हणाल्या, "त्यांच्या मनात होते भावाला बोलवायचे. म्हणत होते, फादर सांगून गेलेत, नाताळला मी हिंडता-फिरता होईन, तेव्हा मीच त्याच्या घरी जाईन."

त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. त्यांना ठाऊकच नव्हते की दोष देण्यासारखे काही आहे. आम्हीही काही बोललो नाही, आणि हे आजवर कोणत्याही प्रवचनात सांगितलेले नाही.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४२० च्या सुमारास असत्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यात जवळजवळ हाच प्रसंग आहे. एक माणूस गंभीर आजारी आहे, त्याचा एकुलता मुलगा वारला आहे, आणि तो विचारतो की माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगावे तर बाप मरेल. काय करावे? ऑगस्टीन कबूल करतात की अशा वेळी आपलेही मन हेलावते. तरीही खोटे बोलण्याला ते संमती देत नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ मध्ये आणखी ताठर भूमिका घेतली. सेमिनरीच्या परीक्षेत आम्ही या दोघांवर सविस्तर उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले मिळाले होते. त्या अंथरुणाशेजारी त्यातले एक वाक्य कामी आले नाही.

बदकी आणि ते गृहस्थ, या दोघांतला फरक आम्हाला आता असा दिसतो. बदकीला सत्य सांगता आले असते तरी तिला त्याचा उपयोग नव्हता. त्या गृहस्थांना होता. त्यांच्यापाशी एकोणीस दिवस होते, एक भाऊ होता, एक कुंपण होते. आपल्या मृत्यूची बातमी त्यांच्या जमिनीइतकीच त्यांची होती, आणि ती आम्ही त्यांच्यापासून दडवली. शिवाय त्यांनी विचारले होते. पिल्लू आतून टोचा मारते तसे ते विचारणे होते. आपण होऊन कवच सोलू नये, हे आम्ही आईकडून शिकलो. पण टोचा पडल्यावर वरून चिखल लिंपावा, असे तर आईने शिकवले नव्हते.

आणि हे सर्व खरेच त्यांच्यासाठी होते का? आम्ही 'उठणार' म्हणालो, कारण 'नाही' म्हटल्यावर त्या खोलीत जे बसून राहावे लागले असते, त्याची आम्हाला भीती वाटली. घरच्यांनाही त्यांचे अश्रू पाहण्याची भीती वाटत होती. दया होती, पण त्या दयेत आमची स्वतःची सोय मिसळलेली होती. आपल्याच धर्मग्रामात आजही काही घरांत फाटकाशी आमच्या कानात कुजबुज होते, म्हणून हे लिहिले.

सगळे प्रसंग इतके सरळ नसतात, हेही मान्य केले पाहिजे. ज्याला जाणून घ्यायचे नाही, जो मुद्दाम विचारत नाही, त्याच्या उशाशी जाऊन बातमी ओतणे आम्हाला रास्त वाटत नाही. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. आणखी अवघड गोष्ट विस्मरण झालेल्या वृद्धांची. एका घरी आजी रोज संध्याकाळी विचारतात, "हे अजून वाडीतून आले नाहीत?" आजोबांना जाऊन कितीतरी वर्षे झाली. रोज त्यांना मृत्यूची बातमी द्यायची आणि रोज नव्याने विधवा करायचे? की 'येतील इतक्यात' म्हणायचे? ऑगस्टीन दुसऱ्याला होकार देणार नाहीत. पहिले आमच्याने होणार नाही. त्या घरातली सून या प्रश्नावर आजीजवळ बसते आणि म्हणते, "आजी, ते वाडीत काय काय लावायचे हो?" मग आजी अर्धा तास केळी, पानवेली आणि रहाटाविषयी बोलतात आणि प्रश्न विसरतात. सून एकही खोटा शब्द बोललेली नसते. तिने कोणत्याही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले नाही. रोज तिला हे जमते का, ते आम्ही विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींच्या घरी गेलो आणि सांगितले की पाप नाही, खुशाल करा. मग चहा पिता पिता आईचे शास्त्र सांगितले. आधी एकेक अंडे अंधारात विजेरीच्या उजेडावर धरून पाहावे. जीव असेल तर आत काळोख भरलेला दिसतो. नितळ दिसले तर वांझ. सडलेले असेल तर जपून उचलावे, फुटले तर घरटेभर घाण होते. पिल्ले एक-दोन दिवसांचीच असावीत, मोठी झालेली पिल्ले नव्या आईला आई मानत नाहीत. पूर्ण अंधार पडल्यावर एका हाताने अंडी काढावी, दुसऱ्याने पिल्ले सरकवावी, आणि बोलू नये. पहाटे उजाडताच जाऊन पाहावे, कारण बदकीने नाकारले तर ती चोचीने मारू शकते. अशा वेळी कोंबडी जेवढी भरवशाची, तेवढी बदकी नाही.

मावशींनी सर्व तसेच केले. अकराही अंडी नितळ निघाली. भावाकडून आठ पिल्ले आणली होती. गेल्या रविवारी मिस्सानंतर त्यांनी हकिकत सांगितली. सहा पिल्ले बदकीने घेतली. पंख पसरून सगळ्यांना पोटाखाली ओढले आणि तिसऱ्या दिवशी अंगणातल्या पावसाच्या पाण्यात घेऊन गेली. दोघांना मात्र तिने टोचून बाहेर काढले. ती दोन मावशींनी स्वयंपाकघरात खोक्यात बल्ब लावून वाढवली. आता ती घरभर मावशींच्या मागे फिरतात, बदकीकडे ढुंकून पाहत नाहीत, मावशी देवळाला निघाल्या की फाटकापर्यंत येतात आणि ओरडत बसतात.

"फादर, या दोघांना कोणी सांगायचे?" असे मावशी विचारत होत्या.